कावीळ म्हणून सांगितलेला आजार

रक्ताचा कॅन्सर पहिल्यांदा झाला तेव्हा गोळ्यांनी बरा झालो. आमच्या अंजूर गावाहून रिक्षा पकडून भिवंडीत कापडाच्या लूमवर ड्युटीला परत जाऊ लागलो होतो. पुढच्याच वर्षी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. म्हणाल्या, "कॅन्सरच्या पेशींना आता जुन्या गोळ्यांची सवय झालीय. त्या दाद देत नाहीत. आर्सेनिक द्यावं लागेल."

"म्हणजे सोमल?" आईनं विचारलं. "ते तर जहर हाय."

"जहरच आहे, पण मोजून द्यायचं. तुमच्या मुलाच्या पेशी कच्च्या राहतात, पिकतच नाहीत. कच्चं ठेवणारी त्यांच्यातली जी गोष्ट आहे, ती सोमल मोडतं. मग काही पेशी पिकतात, काही मरतात."

सुरुवातीला उलटंच झालं. पांढऱ्या पेशी वाढल्या, अंग सुजलं, श्वास पुरेना. औषध लागू पडतंय म्हणूनच असं होतंय, असं बाई म्हणाल्या आणि त्यावरची वेगळी औषधं सुरू केली. बहीण मला उचलून बसवायची, तोंड धुवायची. घरात कमावणारा मी, आणि लघवीचं भांडं ती उचलायची. मी भिंतीकडे तोंड करून घ्यायचो.

सूज उतरल्यावर घरून जाऊन-येऊन सलाईनमधून औषध घ्यायची परवानगी मिळाली. दंडात नळी तशीच ठेवलेली होती. गावात आईनं कावीळ म्हणून सांगितलं होतं. बहिणीसाठी स्थळं बघणं चाललं होतं, म्हणून मीही गप्प बसलो.

बहिणीला बघायला पाहुणे आले त्या दिवशी आईनं मला मागच्या खोलीत निजवलं, वर चादर टाकली. "खोकू नको," म्हणाली. मी तोंडात टॉवेल धरला. मुलाची आई हात धुवायला मागे आली आणि तिनं मला पाहिलं.

"याला काय झालंय?"

"कावीळ," मी म्हणालो.

तिची नजर दंडातल्या नळीवर गेली. चहाचा ट्रे ठेवून बहीण आत आली होती. ती म्हणाली, "दादाला रक्ताचा कॅन्सर हाय. परत उलटलाय. सोमलाचं औषध चालू हाय."

मी चादर तोंडावर ओढून घेतली. चांगला मोठा बाप्या, पण तेवढंच सुचलं.

मुलाची आई जाताना माझ्या आईला म्हणाली, "पोर खरं बोलली. पण आमच्याकडं मोठ्यांना विचारावं लागंल." निरोप आलाच नाही.

पंधरा दिवसांनी एका सकाळी सलाईनला जायला बहिणीनं माझी फाईल पिशवीत घातली आणि रिक्षा थांबवली. वाटेत मी म्हणालो, "माझ्यामुळं मोडलं."

"सरकून बस दादा, नळी दबतेय," ती म्हणाली.

औषधाचे सगळे फेरे झाल्यावर हाडातला मगज तपासला. त्यात रोग दिसला नाही. डॉक्टरीणबाई हसल्या, पण तपासायला येत राहायचं म्हणाल्या. बहिणीनं गावात पेढे वाटले, कशाचे ते प्रत्येक दारात स्वतः सांगितलं. मी ओट्यावर बसून होतो. लोक येऊन हात हातात घेत होते. ती समोरच्या दारात उभी राहून माझा आजार मोठ्यानं सांगत होती, आणि कावीळ म्हणून लपलेल्या मला तिच्याकडं बघवत नव्हतं.