पितळेचं पाच किलो

आमच्या दाजींना सगळी गल्ली 'काटा' म्हणते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतले तराजू दुरुस्त केले. काटा तसूभर झुकलेला दिसला की या माणसाच्या घशाखाली घास उतरायचा नाही. पुढे सगळीकडे आकडे दाखवणारे वजनकाटे आले आणि धंदा बसला. पन्नाशी उलटल्यावर दाजी एका हॉस्पिटलच्या आवारात माळी म्हणून लागले. पण जित्याची खोड जाते थोडीच? कुंपणाची झुडपंसुद्धा ते दोरी लावून छाटायचे.

हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी एक चढ आहे. एका अंगाला पायऱ्या, दुसऱ्या अंगाला भिंत, आणि मधे गवताचा उभा पट्टा. आडवं कापत जायला जागाच नाही, गवत कापायचं मशीन खालून वर ढकलत न्यावं लागतं. मशीन म्हणजे मागून चालत ढकलायचं, चार चाकांचं, पोटाखाली फिरणारं पातं, आणि कापलेलं गवत साठवायला मागे लटकणारी पिशवी. पिशवी भरली की सगळा भार मागे येतो, आणि चढावर पुढची चाकं उचलली जातात.

महिन्यापूर्वी तसंच झालं. चाकं उचलली, दाजींचा पाय घसरला आणि मशीन उलटं त्यांच्यावर आलं. दांड्यावरचा लिव्हर सोडला की पातं थांबतं, पण लगेच नाही, दोन-तीन सेकंद घेतं. तेवढ्यात बुटाचं टोक गेलं. बुटात लोखंडी टोपी होती म्हणून बोटं राहिली.

आवाराची व्यवस्था बघणाऱ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी दाजींना समोर बसवून सांगितलं, "काका, गुरुवारी सकाळी आठला मी स्वतः बघणार. चाकं एकदा जरी उचलली, तरी हे काम बंद. मला कुणाचा पाय गेलेला नकोय." आणि चढाचं काम गेलं की दाजींची नोकरीही जाणार होती, कारण बाकीच्या आवाराला दुसरा माळी होता.

घरी ताईने वेगळीच अट घातली. "नोकरी गेली तर गेली. दोन्ही पाय घेऊन घरी या." एवढं बोलून ती भांडी घासायला गेली. भांडी आधीच घासलेली होती.

मग मला बोलावणं आलं. माझं लोखंडी ग्रिल आणि दरवाजे करायचं वर्कशॉप आहे. "मशीनच्या पुढे वजन लावायचं," दाजी म्हणाले. "तू फक्त पट्टी बसवून दे. किती लावायचं ते मी काढतो."

मी पुढच्या बाजूला जाड पट्टी बोल्टने आवळली, तिला दोन उभ्या सळया दिल्या. दाजींनी आपल्या जुन्या पेटीतली लोखंडी वजनं आणली, मधे भोक असलेली. वर्कशॉपमध्ये त्यांनी फळी चढाइतकी तिरकी केली, तिच्यावर मशीन ठेवलं, दुपारी कापलेल्या गवताने पिशवी ठासून भरली आणि एकेक वजन सळईत ओवायला सुरुवात केली. एक किलो, दोन किलो, अर्धा, पाव. मागच्या चाकांवर मशीन तराजूसारखं डुलायला लागलं. शेवटी पुढची चाकं फळीला अलगद टेकली आणि तिथेच राहिली.

"बरोबर," दाजी म्हणाले.

"दाजी, आणखी दोन-तीन किलो टाका," मी म्हणालो. "हे टेकलंय, पण बसलं नाहीये."

"जास्त टाकलं तर ते माप कसलं? आणि तो भार वर ढकलायचा कुणी, तू?"

त्यांचे गुडघे दुखतात, हे खरं होतं. पण खरं कारण गुडघे नव्हते. तीस वर्षं ज्याने काटा मधोमध आणला, त्याच्या हाताला एका बाजूला झुकतं माप देता येईना. मी चिडलो. शहाणपण शिकवायला गेलो तर माझीच अक्कल काढतील, म्हणून गप्प बसलो. ते गप्प बसणं मला पुढे फार टोचलं. मात्र गुरुवारी मी वर्कशॉपला कुलूप लावून, बॅटरीचं ड्रिल आणि पाने घेऊन हॉस्पिटलवर हजर झालो.

आठ वाजले. बाई पायऱ्यांवर वही घेऊन उभ्या. वरच्या मजल्याच्या खिडक्यांत पेशंट जमलेले, एकजण हाताला लावलेल्या सलाइनच्या स्टँडसकट. मी खाली गवतात पाऊल टाकलं. बूट ओले झाले. सकाळच्या दवाने सगळा पट्टा चिंब होता, आणि दाजींनी वजन काढलं होतं दुपारच्या वाळक्या गवतावर.

"दाजी, गवत ओलंय, पिशवी जड भरेल," मी म्हणालो.

त्यांनीही वाकून हात फिरवला. तोंडावरचा रंग उतरला. पण बाई वर घड्याळ बघत होत्या. दाजींनी मशीन चालू केलं.

पहिला फेरा वरपर्यंत नीट गेला. पिशवी तेव्हा अर्धीच होती. ते मशीन घेऊन खाली आले आणि दुसऱ्या फेऱ्याला लागले. मी फक्त पुढच्या डाव्या चाकाकडे बघत होतो. अर्ध्या चढावर पिशवी तट्ट फुगली. चाकाखाली उजेड दिसला. आधी सूतभर, मग बोटभर. दाजींनी लिव्हर सोडला आणि दांडा छातीने रेटून धरला. पात्याची घरघर थांबेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. ते दोन-तीन सेकंद मला अजून स्वप्नात येतात. मग चाकं खाली आली. पाय शाबूत होते.

"पुरे, काका," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त लागला.

दाजी मशीन घेऊन हळूहळू खाली आले. "बाई, पंधरा मिनिटं द्या. मग तुम्ही म्हणाल ते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे. "पंधरा. आणि नंतर एकच फेरा."

दाजी अवजारांच्या खोलीत गेले आणि एक लाकडी डबा घेऊन आले. तो डबा मी ओळखला. आत मऊ कापडात त्यांचं नमुन्याचं वजन होतं: पितळेचं, पाच किलो, वर मान आणि मूठ. बाकीची सगळी वजनं या एका वजनावर ताडून बघायची. हाताच्या घामाने पितळ बिघडू नये म्हणून ते स्वतः कापडाने उचलायचे, आणि ताईला तर लग्न झाल्यापासून त्याला बोट लावू दिलं नव्हतं. घरी राहिलं तर कुणी हात लावेल म्हणून ते नोकरीवर नेऊन ठेवलेलं.

"मानेतून भोक पाड," दाजी म्हणाले. "आरपार."

"दाजी, वजन खोटं होईल. पट्ट्याने बांधू."

"पट्टा ओला होऊन सरकला तर? पाड म्हटलं ना." मग जरा थांबून म्हणाले, "वजन खरं राहून माझा पाय गेला, तर ते खरेपण मी काय चाटत बसू?"

मी ड्रिल लावलं. पितळेचा पिवळा कीस गवतावर पडायला लागला तसे दाजी घाईघाईने खाली कापड धरून उभे राहिले. सगळा कीस त्यांनी कापडात गोळा केला. मी बोल्ट घालून वजन पट्टीला आवळलं, दोनदा आवळलं, वर लाथ मारून बघितली.

दाजींनी पिशवी रिकामी केली नाही. उलट खाली पडलेलं ओलं गवत तिच्यात कोंबलं.

या वेळी मशीन जड होतं. दाजींच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. अर्धा चढ. जिथे चाक उचललं होतं तिथे गवतात अजून खूण होती, त्या खुणेवरून चाक गेलं आणि गवत दाबून गेलं. पाऊण चढ. दाजींचा एक पाय घसरला, गुडघा जमिनीला टेकला. मी धावलो. पण मशीन जागच्या जागी, चारही चाकं खाली. दाजी उठले आणि वरपर्यंत गेले. खिडकीतल्या सलाइनवाल्याने मोकळ्या हाताने काचेवर टकटक केलं.

बाईंनी वही मिटली. "पुढच्या गुरुवारी दव वाळल्यावर, दहाला सुरू करा," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. मी पायरीवर बसून घेतलं.

घरी दाजींनी छोट्या काट्यावर तो कीस तोलला. साडेदहा ग्रॅम. मला वाटलं, आता हा माणूस आठवडाभर जेवणार नाही. त्यांनी पुडी बांधून खिडकीत ठेवली आणि आमटी पुन्हा वाढून घेतली.

रविवारी ताई म्हणाली, मला ते मशीन बघायचंय. आम्ही तिघं गेलो. तिने आधी दाजींच्या बुटांकडे पाहिलं, मग मशीनकडे, आणि वाकून उघडा तळवा त्या पितळेवर ठेवला.

"अगं..." दाजींचा हात सवयीने पुढे झाला. मग त्यांनी तो मागे घेतला.

"गार लागतंय," ताई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. तळवा तिने उचलला नाही.

"ठेव," दाजी म्हणाले. "पाहिजे तेवढा वेळ ठेव."