मिसळीच्या वेळचा आउटक्राय

सोसायटीच्या ग्रुपवर मी 'पब्लिक आउटक्राय' असे शब्द लिहिले, तेव्हा ओरडणारी व्यक्ती एकच होती. ती माझी बायको.

कारण मात्र खरं होतं. गेटपाशी सकाळी भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींना सोमवारपासून बसू द्यायचं नाही, असं कमिटीनं ठरवलं होतं. मावशींचा मळा शहराबाहेर, पालेभाजी घरचीच. "दादा, रोडवर बसले तं अतिक्रमणवाले समदं उचलून नेत्यात," त्या मला म्हणाल्या. "इथून उठवलं तर जायचं कुठं?" मी तडक इंग्रजीत निषेध केला. मराठीत केला असता तर कुणी भ्यायलं नसतं, असा माझा अंदाज.

कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनं मेसेज वाचला. "बाबा, आउटक्राय म्हणजे खूप लोकांनी मिळून जाहीरपणे केलेला आरडाओरडा. एकट्याचा नसतो."

"मग एकट्यानं केला तर त्याला काय म्हणतात?"

"कटकट."

स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला.

चेअरमनही तो शब्द धरून बसले. "आउटक्राय आहे ना? मग रविवारी सकाळी दहाला क्लबहाउसमध्ये या सगळे. ऐकून घेऊ." मी लगेच हो म्हटलं. रविवारी सकाळी दहाला नाशिकचा माणूस कुठे असतो, याचा विचार चेअरमननी केला असावा. मी केला नाही.

रविवारी क्लबहाउसमध्ये चेअरमन, सेक्रेटरी आणि मी होतो. बाकी सोसायटी मिसळ खायला गेली होती. बायकोसुद्धा. तिची बहीण आणि मेहुणे आले होते, आणि मिसळीला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.

"हं, करा सुरू," चेअरमन रिकाम्या खुर्च्यांकडे बघत म्हणाले. संतप्त जनतेच्या वतीनं मी चार वाक्यं बोललो. सेक्रेटरींनी पंखा बंद केला. निर्णय कायम राहिला. मग आम्ही तिघेही मिसळ खायला गेलो.

सोमवारी मावशी नव्हत्या. घराघरांत डब्याचे पोहे झाले आणि वर घालायला कोथिंबीर नाही. मावशी भाजीवर मूठभर कोथिंबीर आणि कढीपत्ता फुकटच टाकायच्या, त्यामुळे कोथिंबीर विकत आणावी लागते हेच आमच्या सोसायटीला माहीत नव्हतं. बायका खाली उतरल्या. पाठोपाठ त्यांनी नवऱ्यांना उतरवलं. वॉचमन केबिनचं दार लावून आत बसला. सगळ्यांत मोठा आवाज चेअरमनच्या मिसेसचा होता, आणि तो चेअरमनना उद्देशून होता. एवढ्या गदारोळात 'आउटक्राय' हा शब्द कुणीही उच्चारला नाही.

मंगळवारी मावशी पुन्हा आपल्या जागेवर.

मी घरी येऊन म्हटलं, "बघितलंस? शब्द बरोबरच होता माझा."

बायको मेथी निवडत होती. "तुम्ही शब्द लिहिलात तेव्हा मावशी उठल्या. कुणी काही लिहिलं नाही तेव्हा परत बसल्या," ती म्हणाली. "आता खाली जा आणि कोथिंबीर आणा. आज तिचे पैसे द्या."