शिशाचा ‘डा’

भुताखेतांवर माझा विश्वास नाही... बायको म्हणते, तुमचा तर कॅलेंडरवरही नाही. पण चिखलीच्या एका खाजगी दवाखान्यात मी एक्स-रे काढतो, आणि तिथल्या एका फोटोपुढे माझी बडबड अजून बंद पडते.

कॉम्प्युटर यायच्या आधी आमचं काम फिल्मवर चालायचं — डार्करूम, औषधाच्या टाक्या, दोरीवर वाळणाऱ्या लोकांच्या छात्या! मला शिकवलं करीमचाचांनी. डावी बाजू ओळखू यावी म्हणून सगळे फिल्मवर शिशाचं इंग्रजी L ठेवतात. चाचांनी मात्र छर्रे वितळवून स्वतःचा ‘डा’ ओतला होता. “मले डावं-उजवं समजत नाही बे. वाचलं की समजते,” म्हणायचे. चाचा वारले, मग कॉम्प्युटर आला. आता L मी माऊसने टाकतो.

बीटी बियाण्याला अळी लागत नाही म्हणून लावलेल्या कपाशीत एका साली बोंडअळी शिरली. उरलासुरला कापूस भरताना माझा मेव्हणा प्रकाश ट्रॉलीवरून पडला. बरगडी मोडली, छातीत हवा भरली, ओठ निळे पडले. “माहा भाऊ वाचते ना हो?” बायको दारातून विचारत होती. मी घाईघाईत एक्स-रे काढला, L टाकला, डॉक्टरांच्या स्क्रीनवर पाठवला.

“उजवीकडे हवा आहे. नळी टाकून काढू.”

डॉक्टरांनी हत्यार उचललं, आणि मला स्क्रीनवर हवेच्या बाजूला, खांद्यापाशी, एक पांढरं अक्षर दिसलं. ‘डा’... आरशात दिसावं तसं उलटं!

“सर, थांबा! फोटो पलटलाय!”

माझंच बोट कुठल्यातरी बटणावर पडलं असणार. हवेनं हृदयही उजवीकडे सरकलेलं; उलट्या फोटोत ते डावीकडे दिसलं, म्हणून फोटो सरळच वाटत होता. सुलटा केला — ‘डा’ नीट वाचता आला, हवा डावीकडे. नळी डावीकडे गेली. प्रकाशने लांब श्वास घेतला आणि मला पहिली शिवी दिली. शिवी ऐकून बायको रडायला लागली.

मशीनच्या कंपनीचा इंजिनियर म्हणाला, “हे टाईप केलेलं नाही. एक्स-रेतच उमटलंय.”

संध्याकाळी चाचींकडे गेलो. ‘डा’ त्यांच्या कुलपाच्या किल्लीला बांधलेला.

“ते गेल्यापासून माझ्यापाशीच हाय. काऊन रे?”

मी सगळं सांगितलं. चाची आधी हसल्या, मग त्यांनी ओढणीने डोळे पुसले.

“जिंदगीभर त्याहिले डावं-उजवं समजलं नाही. तिकडं जाऊन कोणी शिकवलं?”

चाची अजूनही बाजारात भेटल्या की हेच विचारतात. मी आपला किल्लीकडे पाहत उभा राहतो.