कोबुगाबे आत्याचं नाक

कोबुगाबे आत्या येणार असली की आमच्या घरात केराच्या आधी वास झाडले जातात. अंड्यांची टरफलं केळीच्या बुंध्याशी खोल पुरायची, रॉकेलचा डबा गोठ्यामागे न्यायचा, आणि कुणी मासे खाल्ले असतील तर त्याने तिच्याशी लांबून बोलायचं. आम्ही गुरंवाले. आमच्यातली जुनी माणसं मासे आणि अंडी अन्नात धरतच नाहीत. पण बाकीच्यांची किळस तोंडापुरती असते, आत्याची पोटातून येते. मी एकदा बाजारगावात तळ्यातला मासा खाऊन, दात घासून, वर पेरू चघळून घरी आलो, तर तिने अंगणातूनच विचारलं, "काय रे, कुणाला खाऊन आलास?"

नाक दिसायला साधंच आहे. पण दूध हुंगून ती सांगते की भांड्याला कुठल्या गवताची धुरी दिली, आणि देणारी बाई त्या वेळी कामात होती की शेजारणीशी गप्पात. आमच्या रुशेरे गावच्या निम्म्या सुना तिला बघितल्यावर भांडी लपवतात. तिचा नवरा वारला त्याला बरीच वर्षं झाली. त्याच्याबद्दल तिच्या तोंडून आजवर मी एकच कौतुक ऐकलंय: "त्याच्या घामाला घाण वास नव्हता." आत्याकडून यापेक्षा मोठं प्रेम कुणाला मिळालेलं नाही.

तर आमच्या आसिमिरेची, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, पाठवणी रविवारी होती आणि आत्या शनिवारीच यायची होती. आई गेल्यापासून घरातलं बाईमाणसाचं शेवटचं मत आत्याचंच.

बाबा दुधाचा टँकर चालवतात. आठवडाभर रुशेरे ते कंपाला, कंपाला ते रुशेरे. घरी फक्त शनिवार-रविवार. त्यामुळे आमच्याकडे आठवड्याची सगळी घाण शनिवारची वाट बघत बसलेली असते. या शनिवारी तर पाठवणीची कामं वरून. आणि त्या सगळ्याच्या वर बाबांची फुशारकी.

मागणीच्या दिवशी नाचणीची दारू जरा जास्त झाल्यावर बाबा काझो गावच्या, म्हणजे मुलाकडच्या, पाहुण्यांसमोर उठून उभे राहिले होते. "माझी लेक बाजारचं दुधाचं भांडं घेऊन तुमच्या घरी येणार नाही. मी माझ्या हाताने कोरीन!"

बाबांनी आयुष्यात खुंटीसुद्धा तासलेली नव्हती. नवऱ्या मुलाचा काका मिशीत हसून म्हणाला, "वा! मग पहिलं दूध त्यातच. आमच्या बाया सगळ्यांदेखत पितील."

झालं. आमच्यात मुलीसोबत दुधाचं लाकडी भांडं जातं, आणि त्याला वास आला तर तो भांड्याला चिकटत नाही, मुलीला चिकटतो. पोरं मोठी झाली, नातवंडं झाली तरी विहिरीवर बाया म्हणतात, ती नाही का, वासाच्या भांड्याची. आसिमिरेने त्या दिवशी डोक्याला हात लावला होता.

पण बाबांनी खरंच कोरलं. कंपालाच्या डेअरीबाहेर टँकरच्या रांगेत तासन्‌तास उभं राहावं लागतं, तिथे बसून. पांगाऱ्याचा ओंडका, एक छिन्नी आणि बोटांना चिंध्या. भांडं झालं, हे कबूल करायला हवं. जरा एका अंगाने कललेलं, म्हातारा ऐकू येत नसताना मान वाकडी करतो तसं. पण पोट गोल, मान बारीक, आणि आत हात घातला तर कुसळ लागत नव्हतं. शुक्रवारी रात्री बाबा ते घेऊन आले तेव्हा फक्त शेवटचा हात फिरवायचा राहिला होता.

सकाळी आम्ही गायींवर गोचिडांचं औषध मारलं. त्या औषधाचा वास टाळूला जाऊन बसतो. दिवसभर जे खाल ते त्याच्या चवीचं. बाबांना औषधाने मेलेले गोचीड पुरत नाहीत, ते फुगलेले निवडून अंगठ्याच्या नखाने दगडावर फोडतात. प्रत्येक फुटण्याला एक बारीक आवाज, आणि बाबांचा एक समाधानाचा हुंकार. मी तोंड फिरवलं.

"शिकून नाजूक झालास," बाबा म्हणाले.

"शिकून नाही बाबा. नाक आहे म्हणून."

"नाक आत्याला आहे. तुला नुसती भोकं आहेत. चल, संडासाकडे."

संडासाच्या खड्ड्यात राख टाकायची होती, कारण पाहुणे येणार. पाहुणे म्हणजे काय राजे असतात, त्यांना तिथे जावं लागत नाही का, असं बाबांचं म्हणणं. पण राख टाकायची. राख टाकताच खालून माश्यांचा ढग वर आला आणि मी तोंड उघडं ठेवण्याची चूक केली. त्यानंतर बोकड. तो कापला शेजाऱ्यांनी, पण आतडी उलटी करून धुवायचं काम घरच्या शिकलेल्या मुलाकडे. आसिमिरे वरून पाणी ओतत होती आणि हसत होती. "दादा, तुझं तोंड फोटोत असंच यायला हवं."

दुपारी आत्या आली. फाटकातच थांबली. नमस्कार नाही, काही नाही. नाक वर.

"गोचिडाचं औषध. राख. बोकड," ती म्हणाली. मग भुवया आक्रसल्या. "आणि आणखी एक काहीतरी. मुगा, तुझ्या घरात कोण मेलंय?"

मुगा म्हणजे बाबा, मुगारुरा. "कोण मरणार गं ताई? उद्या पाठवणी आहे!" म्हणत बाबा आत गेले आणि कापडात गुंडाळलेलं भांडं बाळासारखं उचलून आणलं. कापड काढलं. भांडं लखलख करत होतं. आतून बाहेरून, तांबूस, आरशासारखं.

"वार्निश!" बाबा म्हणाले. "एलियाबकडून आणलं. रात्रभर वाळवलंय. फोटोत कसं दिसेल बघ."

एलियाब आमच्या रस्त्यावरचा सुतार. तो दोनच वस्तू करतो, खाटा आणि शवपेट्या.

आत्याने भांडं हातात घेतलं नाही. वाकून तोंडाजवळ नाक नेलं आणि अशी मागे सरली की तिची चप्पल निघाली.

"शी! मुगा, हा माझ्या नवऱ्याच्या पेटीचा वास आहे. त्याला पुरला तेव्हा हाच वास होता. यात तू लेकीचं दूध घालणार? पोरीला नांदायला पाठवतोयस की पुरायला?"

"वार्निश टिकतं ताई. कीड लागत नाही."

"प्रेताला लागू नये म्हणून लावतात ते!"

बाबांनी धुरीचा उपाय काढला. भांड्याला दर वेळी धुरी देतातच, गवताच्या धुराने दूध गोड होतं. बाबांना वाटलं गोडवा वार्निशालाही पोचेल. मातीच्या भट्टीत सुकं गवत पेटवून भांडं वर उपडं केलं. थोड्या वेळाने आतून फसफस ऐकू आलं. वार्निशाला फोड आले होते. धूर बाहेर आला तो पिवळट, जाड, घशात तेलकट बसणारा. आसिमिरे खोकत पळाली. बोकडाच्या मुंडक्यावरच्या माश्यासुद्धा उठून गेल्या. त्यांनाही काही मर्यादा असतात.

"आता काय वास येतोय?" बाबांनी आशेने विचारलं.

"आता प्रेत जाळल्यासारखा येतोय," आत्या म्हणाली. "बाजारातून एक भांडं आण. गप्प बसून आण."

बाबा ओट्यावर बसले. हाताच्या चिंध्या सोडल्या नव्हत्या. "मी शब्द दिलाय," एवढंच म्हणाले. बाबांना असं गप्प बघवत नाही, कारण ते गप्प बसले की टँकरचं इंजिन बंद पडल्यासारखं सगळ्यांना खाली उतरावंसं वाटतं.

आसिमिरे त्यांच्याजवळ जाऊन बसली. "बाबा, मला हेच न्यायचंय. दूध नाही चाललं तर मी त्यात घेवड्याच्या बिया ठेवीन. रोज डोळ्यासमोर राहील."

आमच्यात दूध आणि घेवडा एका चुलीवर, एका दिवशी, एका पोटात जाऊ देत नाहीत. गायी आटतात म्हणतात. दुधाच्या भांड्यात बिया म्हणजे देवळात चपला टांगण्यासारखं. पोरगी बोलून गेली खरी, पण आत्याचा चेहरा बघून तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

"बिया," आत्या म्हणाली. तिला खरंच ओकारी आली. ती कडेला जाऊन थुंकली, परत आली, आणि माझ्याकडे बोट केलं. "तू. बिअरची बाटली फोड. चांगली काच आण. आणि मला नाकाला बांधायला फडकं."

मग दुपारभर आत्या अंगणात मांडीवर भांडं घेऊन बसली. काचेच्या धारेने ती वार्निश खरवडत होती. नखाएवढ्या पापुद्र्यांचा ढीग तिच्या लुगड्यावर साठत होता आणि फडक्यामागून शिव्या चालू होत्या. बाबांना, एलियाबला, टँकरला, डेअरीला, कंपालाला, काझोच्या मिशीवाल्या काकाला. कुणाला तिने हात लावू दिला नाही. मी काच बदलून द्यायला गेलो तर म्हणाली, "लांब हो, तुझ्या हाताला आतडी लागलीत." बाबांना तिने गवत आणायला पिटाळलं, त्यांनी आणलेलं हुंगून फेकलं आणि पुन्हा पिटाळलं. "हे गवत नाही मुगा, हे गाढवाचं अंथरूण आहे."

आतलं खरवडायला तिचा हात कोपरापर्यंत भांड्यात. बाहेर काढला तेव्हा बोटं चिकट, तांबडी. तिने ती समोर धरली आणि स्वतःच्याच हाताकडे असं बघितलं की तो तोडून टाकायला कुणी सांगितलं असतं तर तिने टाकला असता. मग परत आत घातला.

ऊन कललं तेव्हा भांड्याचं लाकूड दिसायला लागलं. जागोजागी काचेचे ओरखडे. लखलखाट गेला होता, सोबत पोटाचा गोलपणाही. तिने धुरी दिली, लोणी चोळलं, पुन्हा धुरी दिली. फडकं सोडून नाक आत घातलं. आम्ही सगळे बघत होतो.

"जरा कमी झाला," ती म्हणाली. "गेला नाही."

बाबांनी विचारलं, "उद्या चालेल?"

आत्या हात धुवायला गेली आणि राखेने, मग साबणाने, मग पुन्हा राखेने धूत राहिली.

रविवारी काझोची माणसं आली. भाषणं झाली, गायींची स्तुती झाली, बोकड संपला. मग नवऱ्या मुलाची आत्या पुढे आली, रुंद, हसरी, गळ्यात मोत्यांची माळ. आमच्या गाईचं दूध बाबांच्या भांड्यात ओतलेलं होतं. विणलेलं झाकण काढून तिने ते तोंडाशी नेलं. आणि थांबली. नाकपुड्या हलल्या.

"विहीणबाई," ती हळूच म्हणाली, पण मांडवात सगळ्यांना ऐकू गेलं. "वास कसला येतोय?"

आसिमिरे जमिनीकडे बघत होती. बाबांनी टोपी काढून हातात चुरगळली. मिशीवाला काका पुढे वाकला.

कोबुगाबे आत्या उठली. तिच्या हातून भांडं घेतलं, ओठाला लावलं आणि प्यायली. नुसता घोट नाही, मांडव गप्प बसेल एवढा वेळ. मी तिचं नाक बघत होतो. जन्मात पहिल्यांदा ते सरळ राहिलं. एक सुरकुती नाही. तिने ओठ पुसले.

"बापाचा वास आहे," ती म्हणाली. "टँकर चालवतो तो. रांगेत बसून त्याने हे कोरलंय. बाजारच्या भांड्याला कुणाचाच वास नसतो."

काझोची आत्या तिच्याकडे बघत राहिली. मग भांडं परत घेऊन तिनेही एक मोठा घोट घेतला, जीभ टाळूला लावली आणि म्हणाली, "बाप जरा कडू आहे हो."

"आहेच," आमची आत्या म्हणाली. "लेक गोड आहे, म्हणून तुम्हाला चालतोय."

मांडव हसला. काका सगळ्यांत मोठ्याने हसला. आसिमिरेने मान वर केली. बायांनी गाणं धरलं आणि भांडं हातोहात पुढे गेलं.

मी मागे केळीत गेलो तर आत्या तिथे होती. बुंध्याला एक हात लावून वाकलेली. सगळं बाहेर काढत होती, दूध, वार्निश, कदाचित सकाळचं लापशीपाणीही. बाबा तिच्या पाठीवरून हात फिरवत उभे होते आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या.

"एवढं वाईट नव्हतं ना गं ताई?" त्यांनी हळू विचारलं.

आत्याने तोंड धुतलं, चूळ भरली, थुंकली, पुन्हा भरली.

"मुगा," ती म्हणाली, "पुढे नातीला गाय दे. गाय तुला कोरता येत नाही."