घरच्यांसाठी बांधून द्या: झरी, बोरी, गंगाखेड आणि शबानाचा गाळा

शबानाने शाळेला राजीनामा दिला त्याच संध्याकाळी ती आमच्याकडे आली, सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "शनिवार-रविवार मोकळा ठेव. आपल्याला खायला जायचंय."

राजीनामा दिल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, निदान माहेरी जातात. ही खायला निघाली होती. कारण तिला परभणीत कॉलेजजवळ एक गाळा मिळाला होता आणि त्यात गोड पदार्थांचं दुकान टाकायचं होतं. सोमवारी भाडेकरारावर सही. त्याआधी जिल्ह्यात नवीन काय काय उघडलंय ते स्वतःच्या जिभेने बघायचं, मगच सही करायची, असा तिचा बेत होता. अकरा वर्षं गणित शिकवलेली बाई आहे, उत्तर लिहायच्या आधी ताळा करते.

आम्ही तिघी आठ वर्षं एकाच कॉलनीत राहतो. मी सरकारी कचेरीत कारकून आणि फावल्या वेळात हा ब्लॉग लिहिणारी. संघमित्रा बोरीजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. शिवाय गाडी तिची आणि चालवतेही तीच, त्यामुळे कुठलाही बेत ठरवताना आम्ही आधी तिचा मूड विचारतो. शबानाने दोघींना एकच अट घातली. "दुकानात काय बोलायचं ते बोला. गाडीत बसल्यावर मात्र खरं सांगायचं."

अट वाटते तेवढी सोपी नव्हती. या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे, मी आजवर एकाही हॉटेलला वाईट म्हटलेलं नाही. त्याचं कारण माझं मोठं मन नव्हे. आमच्या जिल्ह्यात प्रत्येक हॉटेलवाला कुणाचा तरी मेव्हणा असतो, आणि तो बिल घेताना "कसं झालतं ताई?" असं डोळ्यांत बघून विचारतो. न आवडलेलं ताट तसंच टाकून उठणं म्हणजे त्याच्या तोंडावर बोलणं. म्हणून आम्हा बायकांची एक रीत आहे. दोन-तीन घास खायचे, "छान झालंय" म्हणायचं आणि लगेच पुढचं वाक्य: "एवढं घरच्यांसाठी बांधून द्या." मालक खूश, आपण सुटलो. जे खरंच आवडतं ते बांधायला उरतच नाही.

शनिवारी अकराला वसमत रोडवरच्या एका नव्या वॉफलच्या दुकानापासून सुरुवात केली. आत शिरताच काउंटरवरच्या गृहस्थांनी मान वर न करता जिन्याकडे बोट दाखवलं. "फॅमिली वर हाय." आम्ही फॅमिली नव्हतो, तीन बायका होतो, पण बाई दिसली की फॅमिली हा नियम सगळ्या जिल्ह्यात चालतो. लोखंडी जिन्याने वर गेलो. तिथे पडदे लावलेले चार कप्पे, एक बंद पंखा आणि भिंतीवर समुद्राचं चित्र. जे कुणी बायकामाणसांसह येणार असाल त्यांच्यासाठी सांगते, नव्या हॉटेलांची खालची सजावट फोटोत फार सुंदर दिसते. ती फोटोतच बघायची.

मेनूकार्ड लग्नाच्या अल्बमएवढं जाड होतं. आम्ही एकेक नाव वाचत गेलो आणि ते गृहस्थ "ते आज न्हाई" म्हणत गेले. शेवटी शबानाने विचारलं, "मग हाय काय?" तर चॉकलेटचं वॉफल होतं. दीडशे रुपये, दहा मिनिटांत आलं, वर क्रीमचा डोंगर. खाली पोळी गार आणि लवचिक. आम्ही तीन-तीन घास घेतले. संघमित्रा म्हणाली, "छान हाय हो. घरच्यांसाठी बांधून द्या."

गाडीत बसताच शबाना मागे वळली. "हं, बोला."

"क्रीम टाळूला चिकटलंय," मी म्हणाले. "अजून निघालेलं नाही."

शबाना मनापासून हसली. एक प्रतिस्पर्धी कमी झाला होता.

तिथून जिंतूर रोडने झरी. रस्ता आता बरा आहे, अर्ध्या-पाऊण तासात पोचता. दोन्हीकडे हरभरा आणि हिरवीगार ज्वारी, हवा गार, काचा खाली करून जावं असा. गावाच्या अलीकडे एक नवीन गार्डन रेस्टॉरंट झालंय. गार्डन म्हणजे हिरवा गालिचा आणि प्लॅस्टिकचा फ्लेमिंगो. मालक निघाले माझ्या नणंदेच्या दिराचे साडू. त्यांनी मला ओळखलं आणि आमचं स्वातंत्र्य तिथेच संपलं. "वहिनी, तुमी काय सांगू नका, मीच पाठवतो," असं म्हणून त्यांनी पनीरच्या तीन भाज्या पाठवल्या. नावं वेगळी होती, रस्सा एकच, लालभडक आणि गोडसर. भोवती शेतंच शेतं, वांगी-मेथीने भरलेली, आणि ताटात पनीर. भाकरी मागितली तर साडू दुखावले. "भाकर तर घरी रोजच खाता की वहिनी."

पार्सल मोठं झालं. पैसे घ्यायला तयारच नव्हते, संघमित्राने बळंच काउंटरवर ठेवले.

बोरीला मात्र आमची रीत मोडली. बाजाराच्या रस्त्यावर एका नवरा-बायकोने कुल्फीचं छोटं दुकान टाकलंय. त्यांचा मुलगा संघमित्राच्या वर्गात होता, त्यामुळे मी मनातल्या मनात पार्सलची तयारी ठेवली होती. बाई स्वतः गल्ल्यावर बसलेल्या, नवरा मागे दूध आटवत होता. कसला जिना नाही, पडदा नाही. दोन बाकं, रस्त्याकडे तोंड करून. तीस रुपयांची मटका कुल्फी, आटीव दुधाची, मध्ये खव्याचे कण. आम्ही एक-एक संपवली आणि कुणी काही न बोलता अजून एक-एक मागवली.

शबाना कुल्फी कमी आणि त्या बाईंकडे जास्त बघत होती. "तुमी एकट्या बसता गल्ल्यावर? लोक काय म्हणत न्हाईत?"

"म्हणायचे पहिले पंधरा दिवस," बाई म्हणाल्या. "मग कुल्फी मागाया लागले."

परतीच्या वाटेवर झरीच्या पुढे आल्यावर शबाना म्हणाली, "माझे सासरे म्हणायलेत, पोरींना शिकवायची इज्जतीची नोकरी सोडून हलवाई व्हायलीस का. माझे मिस्टर काहीच म्हणत न्हाईत. बघ बाई तुझं तू, एवढंच." मग थोड्या वेळाने, "दुकान न्हाई चाललं ना, तर घरात आयुष्यभर ऐकावं लागेल." आम्ही दोघींनी, चालणारच गं, असं एका सुरात सांगितलं. गाडीतला नियम त्या क्षणी आमच्या लक्षात नव्हता.

रविवारी गंगाखेड. रेल्वेने जाणं सोपं आणि स्वस्त आहे, पण वेळापत्रक जुळायला हवं. आम्ही गाडीने गेलो आणि पस्तावलो, कारण ऊसतोडीचे दिवस. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर आलेला, आणि आपण मागे. ओव्हरटेक करायची घाई करू नका. तासाचा प्रवास दोन तासांचा झाला तरी घरी सगळे वाट बघत असतात.

गावात एक चकचकीत कॅफे उघडलंय, आत निळे दिवे. शंभर पावलांवर ताजा उसाचा रस वीस रुपयांत मिळतो आणि इथे निळ्या रंगाचं सरबत एकशे वीसला. आम्ही आधी निळं घेतलं, मग बाहेर येऊन रस प्यायलो. कुनाफा नावाचा अरबी गोड पदार्थ मागवला तर शेवयांवर चीज आणि गुलाबाचं सरबत आलं. मालक उत्साही, बिचाऱ्याने स्वतः आणून ठेवलं आणि बाजूला उभा राहिला. तो बाजूला उभा असताना खाणं हा वेगळाच व्यायाम असतो. अर्थात, बांधून घेतलं.

दुपारी गोदावरीच्या काठाला गाडी लावली. पाणी बेताचं, घाटावर कपडे वाळत घातलेले. शबानाने मागच्या सीटवरून थंड डबा पुढे घेतला आणि त्यातून तीन प्लॅस्टिकचे कप काढले. झाकणावर सोनेरी रिबीन. "हे माझं. दुकानातला मुख्य आयटम."

लाल केकचा चुरा, त्यात डबल का मीठा, म्हणजे पाकात मुरलेल्या ब्रेडचे तुकडे, वर क्रीम, चॉकलेटचा सॉस आणि टुटीफ्रुटी. तिने पंधरा दिवस मोबाईलवर व्हिडिओ बघून बसवलं होतं. मी एक चमचा घेतला. क्रीम लागलं, चॉकलेट लागलं, मग बराच वेळ नुसता गोडवा. शबाना आमच्या तोंडांकडे बघत होती.

"छान झालंय गं," संघमित्रा म्हणाली. "सासूबाईंसाठी थोडं बांधून दे."

वाक्य तोंडातून निघून गेलं होतं. संघमित्राने चमचा हातात तसाच धरला. शबानाने हळूच आपल्या कपाचं झाकण लावलं.

"आपण गाडीत बसलोय," ती म्हणाली.

"अगं, तसं न्हाई..."

"तुला?" तिने मला विचारलं.

दोन दिवस दुकानदारांच्या पाठीमागे माझी जीभ चुरुचुरु चालली होती. आता ती हलेना. "चॉकलेट जरा," मी सुरुवात केली.

"जरा काय?"

"हे तू केलंयस असं वाटतच नाही. कालच्या वॉफलवरचं क्रीम आणि हे क्रीम एकच आहे." आणि मग, का ते मला अजून कळत नाही, मी थांबले नाही. "आणि तुझं ते जर्दाळूचं, खुबानी का मीठा पण."

"खुबानीला काय झालं?"

"फार गोड असतं. दर ईदला. मला दोन चमच्यांपुढे जात नाही."

"मी तुझ्या मिस्टरांसाठी वेगळा डबा भरते. आठ वर्षं."

"ते गोड खातच नाहीत."

"मग कोण खातं?"

मी संघमित्राकडे बघितलं. संघमित्राने स्टिअरिंगकडे बघितलं. "आमच्या सासूबाई," ती म्हणाली.

शबाना दार उघडून उतरली आणि पाण्याकडे चालत गेली. आम्ही दोघी कप मांडीवर घेऊन बसलो. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. राजीनामा देण्याआधी सांगायला माझ्याकडे आठ वर्षं होती, आणि मी सांगितलं सहीच्या आदल्या दिवशी.

थोड्या वेळाने आम्ही तिच्याजवळ जाऊन पायरीवर बसलो. "शाळेत माझ्या जागी अजून कुणाला घेतलं न्हाई," ती म्हणाली. "उद्या जाऊन अर्ज मागं घेता येतो." मग, "मला नक्की येतं तरी काय?"

"डबल का मीठा," संघमित्रा म्हणाली.

"ते लग्नातलं. पातेल्यातलं. म्हाताऱ्या माणसांचं."

"आम्ही कॉलनीतच घर बांधलं तेव्हा घरभरणीला तू पातेलंभर केलतंस. ब्रेड तुपात तळून, वरून आटवलेलं दूध."

"तवा बी छानच म्हणला होता तुमी सगळे."

"म्हणलो असू. पण बांधून कुणीच नेलं न्हाई. न्यायला राहिलंच न्हाई. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या, त्यांना घासभर मिळालं न्हाई. चार वर्षं झाली, अजून ऐकवतात मला."

शबानाने तिच्याकडे नीट बघितलं. वर्गात उत्तर बरोबर आलेल्या मुलाकडे, याने बघून तर लिहिलं नाही ना, असं बघतात तसं. परभणी येईपर्यंत रस्त्यात सात ट्रॅक्टर लागले आणि आम्ही तिघी मिळून सात वाक्यंही बोललो नसू. कॉलनीत उतरताना तिने ते तीन कप बरोबर नेले.

घरी आल्यावर मी नेहमीप्रमाणे ब्लॉग लिहायला बसले. "आवर्जून भेट द्या" इथपर्यंत लिहिलं आणि खोडलं. तेव्हा सहलीचं नियोजन करणाऱ्यांसाठी सरळ सांगते: दोन दिवसांत एकच ठिकाण मुद्दाम जाण्यासारखं सापडलं, बोरीची कुल्फी. झरीला जा, पण भाकरीसाठी कुणाच्या तरी घरी. गंगाखेडला नदी बघा आणि रस प्या. नणंदेच्या दिराच्या साडूंनी हे वाचलं तर पुढच्या लग्नात माझं काय होईल ते होईल.

सोमवारी चारच्या सुमारास कचेरीत शबानाचा फोन आला. मी फाईल बाजूला ठेवली. ती शाळेतून बोलतेय की गाळ्यातून, ते आवाजावरून कळेना.

"सही केली," ती म्हणाली.

छान म्हणायची तर चोरीच झाली होती. मी विचारलं, "कालचं सगळं ऐकून पण?"

"ऐकलं म्हणूनच. तुमी माझ्या सगळ्यालाच छान म्हणायच्या, तर मला काय समजणार? काल दोन गोष्टींना वाईट म्हणलं. म्हणून तिसरीला चांगलं म्हणलेलं खरं वाटलं. फक्त डबल का मीठा ठेवणार हाय, पातेल्यातून, गरम." आणि तिने फोन ठेवला, तिला तूप बघायला जायचं होतं.

आठ वर्षं मी तिच्याशी चांगलं वागतेय असं मला वाटत होतं. त्या आठ वर्षांत तिला खरं काय ते विचारायला कुणीच नव्हतं.