गडगडाटाचा पत्रा
वाऱ्यानं पत्रा वाजला की मला भूकंपानंतरची ती दुपार आठवते. लातूरहून आम्ही नाटकवाले एक जुनं संस्कृत नाटक मराठीत, फुकट दाखवायला एका पडलेल्या गावात गेलो होतो. पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये राहणारं सगळं गाव मांडवात दाटीनं बसलं होतं. वादळाचा प्रवेश आला आणि ढगांच्या गडगडाटासाठी पडद्याआड टांगलेला पत्रा मी नेहमीसारखा जोरात हलवला. कुणी ओरडलं नाही. बायांनी लेकरं उचलली आणि सगळे उघड्या रानात जाऊन उभे राहिले. नायिका संवाद विसरली. पत्रा अजून थरथरत होता. एक म्हातारी तेवढी पडद्याआड आली, तिनं पत्र्यावर दोन्ही तळवे दाबले. "तूच हलवायलास का?" मी हो म्हणालो. तिनं बाहेर हाक दिली, "या रे, भुई न्हाई हलली. ह्यो माणूस पत्रा हलवायलाय." लोक परतले, पण मांडवाच्या कडेकडेनंच बसले. मी पत्रा काढायला लागलो तर ती म्हणाली, "तू तुझं नाटक कर, मी धरते." उरलेलं वादळ आवाजाविना झालं. तिनं नाटक पाहिलंच नाही. आता मी लातुरात क्लास घेतो; खिडकीवरचा पत्रा वाजला तर भूकंपानंतर जन्मलेलं एकही पोर वहीतून डोकं वर काढत नाही. मी मात्र शिकवता शिकवता जाऊन तो हातानं धरतो.