जमनाबाईंच्या धुण्याच्या दगडातला समुद्र

समुद्राचा तळ बघायला वणीला चाललेय म्हटल्यावर घरी सगळे हसले. मालवणला पाण्याखालची प्रवाळं पाहिल्यापासून दगड झालेली प्रवाळं बघायची हौस होती. वणीच्या एका निवृत्त मास्तरांनी फोनवर आधी ती हौसच दुरुस्त केली. "प्रवाळं नाहीत ताई, त्यांच्याही फार आधीचं आहे हे. उथळ समुद्रात सूक्ष्मजीवांच्या वसाहतींनी थरावर थर चढवून बांधलेले खडक. स्ट्रोमॅटोलाइट."

नागपूरहून वरोऱ्यामार्गे एसटीने साडेतीन तास. वणीत तर्री-पोहे खाल्ले आणि दिवसभरासाठी हजार रुपयांत रिक्षा ठरवली. राजूरच्या बाजूला कोळशाचे ट्रक धावतात, तोंडाला ओढणी हवीच. पुढे कच्चा रस्ता, दोन्हीकडे फुटलेला कापूस.

मास्तरांनी सांगितलेला ओढा झुडपांनी भरला होता. शेजारच्या बंजारा तांड्यावर रस्ता विचारायला गेले, तर साठीच्या जमनाबाई अंगणात धुणं धूत होत्या. त्यांच्या दगडावर कापलेल्या कोबीसारखी वलयं होती.

"धुण्याच्या दगडाचा फोटू कायले काढून राह्यली वं बाई?"

ही वलयं समुद्रात बनलीत, मी सांगितलं. लुगडं पिळता पिळता त्या थांबल्या. "इथं समुद्र व्हता?" मग खो खो हसल्या. "आमचे आजे-पंजे बैलावर मीठ लादून पार समुद्रावरून आणत. अन् समुद्र त इथंच व्हता! फुकट पाय झिजवले मेल्यांनी!"

शेजारी त्यांच्या नव्या घराचं काम चाललं होतं. मिस्त्री ओरडले, "मावशी, दगड रिकामा करा. फोडून घराच्या पायव्यात टाकतो."

"फोडू नका ना," मी जरा जोरातच म्हणाले.

"मंग ने तू," जमनाबाई म्हणाल्या. "मले आता नळाजवळ ओटा भेटते."

खोटं कशाला बोलू, मोह झाला. रिक्षात मावला असता. बाल्कनीत, कुंड्यांशेजारी तो मला दिसूही लागला. तेवढ्यात जमनाबाई दगडावरून हात फिरवत म्हणाल्या, "सासूनं वावरातून आणलता. लगीन होऊन आली त पह्यलं धुणं याच्यावरच धुतलं."

"मग इथंच राहू द्या," मी म्हटलं. "पण अख्खा."

त्या मिस्त्रींकडे वळल्या. "मिस्त्री, पायरीले लाव."

"खडबडीत हाय मावशी. पाय अडकन."

"चाळीस वर्स माहे कपडे नाही अडकले!"

"मंग उलटा लावतो. सपाट बाजू वर."

त्यावर त्या काय म्हणाल्या ते ऐकायला मी थांबू शकले नाही. परतीची एसटी होती. मिस्त्रींना नंबर देऊन निघाले.

तुम्ही गेलात तर थंडीत जा, पाणी सोबत ठेवा आणि दगड उचलून आणू नका. मी रिकाम्या हातांनी आले. पहिले काही दिवस ते हात खटकत राहिले. भांडी घासताना मनात यायचं, आणला असता तर निदान दिसला तरी असता. कोट्यवधी वर्षं टिकलेली वलयं आता सिमेंटमध्ये तोंड खाली घालून बसली असतील.

तीन आठवड्यांनी मिस्त्रींकडून फोटो आला. नवी पायरी, ओली, वलयं वर. खाली लिहिलं होतं : "मावशी कोणालेच पाय ठेवू देत नाही. सगळे उडी मारून घरात जाऊन राह्यले."